गोलाचा गुलाल

“कुणाला लावू?” आबांनी विचारलं.

टायब्रेकर नुकताच संपला होता. आमचा गोलकीपर पोरांच्या खांद्यावर होता, निम्म्या टीमनं शर्ट काढून हवेत फिरवायला सुरुवात केली होती आणि गॅलरीतली माणसं जाळीवरून उड्या टाकून मैदानात घुसत होती. सेमीफायनल जिंकली होती आम्ही. या सगळ्या दंग्यातून आबा सरनाईक धोतराचा सोगा हातात धरून सावकाश चालत आले, मैदानाच्या मधोमध थांबले, कोटाच्या खिशातून गुलालाची पुरचुंडी काढली आणि हा प्रश्न विचारला.

“कुणालाबी लावा की आबा,” आमचा कोच हिंदूदादा म्हणाला. “जिंकलोय न्हवं आपण?”

“गोल कुणी मारला?”

“चौघांनी मारलेत की. ह्यो सदा, ह्यो मोहसीन...”

“त्यो टायब्रेकरचा, हिंदुराव. बॉल ठेवायचा आणि मारायचा. खेळता खेळता कुणी मारला ते सांग.”

खेळता खेळता कुणीच मारला नव्हता. त्या सामन्यात नाही, त्याच्या आधीच्या नाही आणि त्याच्याही आधीच्या नाही. शून्य-शून्य असं ऐंशी मिनिटं खेळायचं आणि मग टायब्रेकरला जिंकायचं, असा त्या वर्षी आमचा धडाका होता. आबांनी थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं, कारण गोल मारणाऱ्याचा, नऊ नंबरचा शर्ट माझ्या पाठीवर होता. मग त्यांनी पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली, ती खिशात घातली आणि आले तसे निघून गेले. हलगीवाले हलग्या शेकून तयार होते. ते एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी तालमीच्या सेक्रेटरींनी हातानं खूण केली आणि हलगी वाजली, पण नाचताना पोरांचे पाय काही सुटेनात.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो. ज्या तालमीच्या मातीत आजोबा कुस्ती खेळले, तिच्याच नावाचा शर्ट घालून नातू फुटबॉलच्या मैदानात उतरतो, आणि अख्खी पेठ त्याच्या मागं असते. आमची बुरूज तालीम. तिची एक रीत होती. सामना जिंकला की पहिला गुलाल गोल मारणाऱ्याच्या कपाळाला लागायचा, आणि तो आबांच्या हातचा. तो लागला की मगच हलगी, मगच मिरवणूक. आबा स्वतः संस्थानच्या काळात अनवाणी खेळलेले. त्यांचा पाय कसा चालायचा याच्या गोष्टी पेठेत आंघोळ घालताना पोरांना सांगत. खेळणं थांबल्यावर त्यांनी ही पुरचुंडी हातात घेतली, ती इतकी वर्षं सोडली नव्हती.

मला तो गुलाल हवा होता. हे सरळच सांगतो, कारण त्या वर्षी मला दुसरं काहीच नको होतं. तालमीच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून मी लहानपणापासून बॉल मारत आलो होतो आणि आबा पायरीवर बसून बघत असायचे. “गोलकीपरकडं बघू नगंस इंद्रा, त्यो तुझ्याकडं बघालाय तेवढं बास,” असं काहीबाही सांगायचे, आणि उठताना ठरलेलं वाक्य, “लाव एकदा जाळीला, गुलाल तयार हाय.” घरात आईचं वेगळंच. “शेजारची गुलालाचे शर्ट धुऊन धुऊन कंटाळली, माझी हौस कधी फिटायची रे?” असं ती दर सामन्याला विचारायची. बावीस वर्षांचा झालो, मोठ्या टीममध्ये आलो, सेंटर फॉरवर्डचा शर्ट मिळाला, आणि नेमकं त्याच वर्षी हिंदूदादानं ठरवलं की फॉरवर्ड नावाचा प्राणी आपल्याला नको.

तसं ठरवायला कारणही घडलं होतं. आदल्या वर्षी पाणंद तरुण मंडळानं आम्हाला पाच-शून्य धुतलं होतं. पाणंदवाले म्हणजे आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. त्यानंतर वर्षभर त्यांच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आम्हाला बघितलं की हाताचा पंजा दाखवायचं. काही बोलायचं नाही, नुसती पाच बोटं. आमच्या घरी दूध घालणारा गवळी पाणंदचा. तो आईला विचारायचा, “किती घालू वैनी, पाच?” आईला एकच लिटर लागायचं. शेवटी तिनं गवळी बदलला. त्या वर्षी मान खाली घालून आम्ही गावातून कसे फिरलो ते आमचं आम्हाला माहीत.

म्हणून तालमीनं हिंदुराव जरगला कोच केलं. दादा स्वतः पंधरा वर्षं आमच्या टीमचा बॅक होता, मागं राहून समोरच्यांना अडवणारा. उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला गोलाकार बसवलं.

“यंदा गोल खायचा न्हाई,” तो म्हणाला. “मारला न्हाई तरी चालंल. खायचा न्हाई.”

“आणि जिंकायचं कसं, दादा?” मोहसीन बागवाननं विचारलं. मोहसीन आमचा डावीकडचा, वाऱ्यासारखा पळणारा.

“टायब्रेकरला.”

पोरं हसली. दादा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आम्हाला एकच गोष्ट घोटून घेतली. तो लांबून बॉल उंच टाकायचा आणि ओरडायचा, “काढ!” ज्याच्या पुढ्यात बॉल पडेल त्यानं विचार न करता, न थांबवता, न बघता लाथ घालून तो मैदानाबाहेर भिरकवायचा आणि ओरडायचं, “काढला!” सकाळी तेच, संध्याकाळी तेच. काढ, काढला. काढ, काढला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मी फॉरवर्ड, पण मलाही सोडलं नाही. सामन्यात मी आमच्याच गोलपुढं उभा असायचो, मोहसीनही तिथंच. पुढं मैदान मोकळं पडलेलं आणि आम्ही सगळे दारात पाहुणे आल्यासारखे दाटीवाटीनं उभे.

गोल खाल्ला नाही, हे खरं. पंजा दाखवणं हळूहळू बंद झालं, हेही खरं. पेठ खूश होती. माझ्या मात्र पायात काहीतरी बदलायला लागलं होतं. बॉल आला की पूर्वी मला पहिल्यांदा समोरची जाळी दिसायची. आता मला मैदानाची बाहेरची रेघ दिसायची.

फायनलच्या आदल्या सकाळी मी तालमीत गेलो. फायनल पाणंदशीच होती. आबा पायरीवर ऊन खात बसले होते.

“आबा, उद्या येणार न्हवं?” मी विचारलं.

“येतो की. पुरचुंडी घिऊन येतो. परत घिऊन जायची सवय झालीया आता.”

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. ते काही वेळ भिंतीवरच्या पुसट चौकोनाकडं बघत राहिले.

“मला एक सांग इंद्रा. तुमी बॉल काढता, त्यो कुणाला देता?”

“कुणाला न्हाई. बाहीर.”

“मग परत येतो का न्हाई?”

“येतो. लगीच येतो.”

“येणारच. पुढं थांबलंय कोण त्याला धराय? तुमी काढायचा, त्यांनी आणायचा. दमतंय कोण? तुमीच. आणि दमलेल्या माणसाला पुढं पळवतंय का?” आबांनी नाकानं आवाज केला. “बॅकनं काढलेला बॉल म्हंजे फॉरवर्डला धाडलेलं बोलावणं असतंय. तुमच्या टीमनं बोलावणंच बंद करून टाकलंय.”

“दादानंच शिकवलंय की तसं. दादा असाच खेळायचा न्हवं?”

“हिंदुराव?” आबा एकदम ताठ बसले. “कोण म्हणतंय? अरं, त्याच्यासारखा बॅक पेठेत झाला न्हाई. चार माणसं अंगावर आलेली असायची, तरी मान वर करून बघायचा गडी. काढलेला बॉल नेमका फॉरवर्डच्या पायात. माझ्या पुतण्यानं एका सीझनला ढिगानं गोल मारले, त्यातले निम्मे हिंदुरावच्या पायातनं सुटलेले.”

“मग आता का असं करालाय?”

“कुणाला ठावं. पाच गोलांची दहशत बसली असंल.” आबांनी पुरचुंडी खिशातून काढून तळहातावर तोलली. “माझ्या पुतण्याला किती येळा लावला मी ह्यातला! कपाळ उरायचं न्हाई त्याचं. उद्या तुझं कपाळ हाय. यवढं ध्यानात ठेव.”

आबांच्या बोलण्यातलं एक वाक्य त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. मी आपला माझ्या कपाळाचा विचार करत घरी आलो.

फायनलला मैदान खच्चून भरलं होतं. एका गॅलरीत आम्ही, समोरच्या गॅलरीत पाणंदवाले. त्यांच्याकडं सुहास चौगले नावाचा फॉरवर्ड होता. अंगानं किडकिडीत, पण बॉल पायात आला की त्याच्यापुढं उभं राहणाऱ्याची भंबेरी उडायची. आदल्या वर्षीच्या पाचातले तीन त्याचे. आम्ही त्याच्या आजूबाजूला चौघं चिकटवले होते. तो घुसायचा, आम्ही काढायचो. तो पुन्हा घुसायचा, आम्ही पुन्हा काढायचो. हाफटाइमपर्यंत आमच्या एकाही माणसानं त्यांच्या गोलकीपरचं तोंड जवळून बघितलं नव्हतं. त्यांचा गोलकीपर तर खांबाला टेकून गॅलरीतल्या मित्रांशी गप्पा मारत होता.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा माझे पाय भरून आले होते. दादा रेघेवरून ओरडत होता, “मागं या! मागं! टायब्रेकरला बघू!” पाणंदवाल्यांचा धीर सुटला होता. त्यांचे बॅकसुद्धा आमच्या गोलपुढं येऊन उभे राहिले. तेवढ्यात बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागून मोहसीनपुढं पडला. मोहसीननं तो काढायला हवा होता. त्यानं मान वर करून बघितलं, समोर अख्खं मैदान मोकळं, आणि तो सुटला.

“इंद्रा, चल!” एवढंच ओरडला.

मी पळालो. कुठून ताकद आली कुणास ठाऊक. मागं दादाचा आवाज येत होता, तो थांबा म्हणत होता की पळा म्हणत होता ते मला आजही सांगता येणार नाही. आमची गॅलरी उभी राहिली. मोहसीन डावीकडून खोल गेला, त्यांचा गोलकीपर घाबरून त्याच्यावर धावून गेला, आणि मोहसीननं बॉल अलगद उचलून मध्ये टाकला. तो माझ्यापुढं एक टप्पा पडला. समोर गोल. मध्ये कुणी नाही. गोलकीपर नाही, बॅक नाही. उघडी जाळी आणि मी.

बॉल उंचावरून येऊन पुढ्यात पडला होता. रोज सकाळ-संध्याकाळ पडायचा तसाच.

मी लाथ घातली. सगळी ताकद लावून, न थांबवता, न बघता. बॉल गोलाच्या दांडीवरून, जाळीवरून, गॅलरीच्या पत्र्यावरून मैदानाबाहेर गेला. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, मोठ्यानं शब्द निघाला.

“काढला!”

मग हशा पिकला. पाणंदवाले हसले ते ठीक, त्यांचं कामच होतं. पण आमची गॅलरी हसली. ज्या माणसांनी मला खेळत लहानाचं मोठं होताना बघितलं होतं ती पोट धरून हसली. माझ्याजवळ उभा असलेला रेफरी शिट्टी तोंडात धरून हसत होता. मी तिथंच उभा राहिलो. पायाखालची जमीन दुभंगावी असं म्हणतात, मला तर नुसतं एवढंच वाटलं की हा नऊ नंबरचा शर्ट अंगावरून काढून टाकावा आणि उघड्यानं घरी पळून जावं.

मोहसीन जवळ आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “चल भावा. मागं चल.”

मागं जाईपर्यंत उशीर झाला होता. सुहास चौगलेकडं बॉल आला तेव्हा मी अजून मैदानाच्या मध्यावर होतो. त्यानं आमच्या बॅकला, सदाला, डावीकडं झुकवलं आणि बॉल उजवीकडून काढला. दुसरा आला, त्याच्या दोन पायांमधून काढला. आमची आठ माणसं होती तिथं. एकमेकांच्या आड येण्याशिवाय त्यांनी काही केलं नाही. सुहासनं मान वर करून शांतपणे जाळीकडं बघितलं आणि बॉल खांबाला घासून आत सारला. गोल असा होता की आमच्या गॅलरीतही कुणीतरी “वाह!” म्हणालं आणि मग जीभ चावली.

एक-शून्य. सामना संपला.

आम्ही मैदानात बसून होतो. पाणंदवाल्यांची हलगी वाजायला लागली होती. तेवढ्यात मला आबा दिसले. गॅलरीच्या पायऱ्या एकेक करून उतरत होते. मला वाटलं, आता माझ्याजवळ येतील, पाठीवर हात ठेवतील. मी उठून उभासुद्धा राहिलो. आबा आले आणि माझ्या शेजारून पुढं गेले. सरळ पाणंदच्या पोरांच्या घोळक्यात शिरले. घोळक्यानं त्यांना वाट दिली. आबांनी पुरचुंडी सोडली, चिमूटभर गुलाल घेतला आणि सुहास चौगलेच्या कपाळाला लावला.

सुहास गोंधळला. मग खाली वाकून आबांच्या पाया पडला.

पाणंदची हलगी थांबली. आमच्या गॅलरीत एकदम सगळेच ओरडायला लागले.

“म्हातारा फिरलाय!”

“पाणंदला जाऊन ऱ्हावा की मग!”

कुणीतरी चप्पल फेकली. ती आबांच्या डोक्याच्या रोखानं येत होती. हिंदूदादा कुठून आला ते मला दिसलं नाही. तो दोन ढांगांत मध्ये आला आणि आबांच्या अंगावर छत्रीसारखा वाकला. चप्पल त्याच्या पाठीत बसली. त्यानं आबांना दंडाला धरून आमच्या बाजूला आणलं, मी आणि मोहसीन उभे होतो तिथं. मग दंड सोडला.

“लागलं न्हाई न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाई.” आबांची मान ताठ होती. “खेळून मारलाय त्यानं गोल, हिंदुराव. ज्यानं मारला त्याला लावला. माझं काय चुकलं?”

“तुमचं कुठं काय चुकतंय.” दादा खाली बघत होता. “पंधरा वर्षं खेळलो आबा मी. ह्याच शर्टात. तुमच्या त्या पुरचुंडीतला कणभर गुलाल कधी माझ्या कपाळाला लागलेला आठवतो का तुमास्नी?”

“तू... बॅक होतास हिंदुराव.”

“व्हय. बॅक होतो. तुमच्या पुतण्याला तुमी लावायचा, मी मागं उभा ऱ्हाऊन बघायचो. बॉल माझ्या पायातनं सुटलेला असायचा. म्हटलं, आज न्हाई, पुढच्या येळी. मग म्हटलं, पुढच्या सालाला. मग गुडघा गेला.” त्यानं आमच्याकडं हात केला, माझ्याकडं, मोहसीनकडं, मैदानात बसलेल्या सगळ्यांकडं. “यंदा म्हटलं, मारणाराच नसला तर आबा लावतील कुणाला? एकदा तरी त्यांचा हात बॅककडं वळंल. पुरचुंडी घिऊन उभं ऱ्हाताय, गाठ मारताय, जाताय. तरी वळला न्हाई.”

हे तो ओरडून बोलला नाही. शेजारी आम्ही दोघं नसतो तर कुणालाच ऐकू गेलं नसतं. मला राग यायला हवा होता. माझा एक अख्खा सीझन, माझे पाय, माझा तो हसण्यावारी गेलेला गोल, हे सगळं या माणसाच्या कोरड्या कपाळापायी गेलं होतं. पण राग आला नाही. आदल्या सकाळी मी त्याच पायरीवर बसलो होतो. निम्मे गोल हिंदुरावच्या पायातले, आणि गुलाल सगळा पुतण्याला, हे आबांच्या तोंडून माझ्या कानावर पडलं होतं. आणि मी माझं कपाळ चोळत घरी गेलो होतो.

आबांनी पुरचुंडीत बोटं घातली. त्यांचा लाल हात वर आला, दादाच्या कपाळाच्या दिशेनं.

दादानं मान मागं घेतली.

“आता नगो आबा. हरलोय आपण. हरल्यावर कुठला गुलाल.”

आबांचा हात तसाच हवेत राहिला. म्हाताऱ्याला तो खाली घ्यायचं सुचेना. आम्ही चौघं तिथं उभे होतो आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. आयुष्यात मी पुढं बरेच सामने हरलो, नोकरीत बोलणी खाल्ली, लोकांत फजिती झाली. पण तेवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. आणि गंमत म्हणजे, “काढला!” म्हणून ओरडलो त्याची लाज त्या वेळी मी विसरूनसुद्धा गेलो होतो.

पेठेनं माझं नाव ‘काढला’ ठेवलं. भाजी आणायला गेलो तरी पोरं मागून ओरडायची. आबांनी मैदानावर येणं सोडलं. पायरीवर बसायचे, पण कुणाशी बोलायचे नाहीत. दादा कोच म्हणून राहिला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. नव्या सीझनच्या पहिल्या सकाळी त्यानं आम्हाला गोलाकार बसवलं नाही. मला एकट्याला हाताला धरून मैदानाच्या पार पुढं नेऊन उभं केलं.

“हितं थांब,” तो म्हणाला. “मागं यायचं न्हाई. काय बी हुंदे.”

मग तो मागं गेला, दुखरा गुडघा सांभाळत. सदाला शेजारी घेतलं. बॉल त्यांच्याकडं आला की दादा ओरडायचा, “मान वर कर. इंद्रा कुठं हाय बघ. आता दे.” पहिल्या दिवशी सदाचे सगळे बॉल गटारात गेले. महिन्याभरानं ते माझ्या पायात यायला लागले. माझ्या पायांना मात्र वेळ लागला. बॉल पुढ्यात पडला की ते अजूनही बाहेरची रेघ शोधायचे. मी पुन्हा तालमीच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढला. आबा पायरीवरून बघायचे, आणि गुलालाचं ते ठरलेलं वाक्य म्हणायचे नाहीत.

पहिल्याच सामन्यात गोल झाला. सदानं दोघांच्या गर्दीतून मान वर करून बॉल सोडला, तो मोहसीनकडंही न जाता सरळ माझ्यापुढं आला. मी थांबलो. बॉल थांबवला. जाळी बघितली. मग मारला. दोन-शून्यनं जिंकलो आम्ही, दुसरा मोहसीनचा.

हलगीवाले आले. सगळ्यांनी गॅलरीकडं बघितलं. आबा नव्हते. तेव्हा हिंदूदादानं खिशातून पुरचुंडी काढली.

“सकाळी आबांनी हातात दिली,” तो कुणाकडं न बघता म्हणाला. “म्हणाले, तू लाव.”

त्याला ती गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडवली. मी मान झुकवली. लहानपणापासून ज्याची वाट बघत होतो त्या गुलालानं माखलेला दादाचा अंगठा माझ्या कपाळावरून वर गेला. मग त्यानं मोहसीनला लावला. आणि मग वळून हाक मारली, “सदा! हिकडं ये.” सदाला वाटलं काहीतरी चुकलं. दादानं उरलेला सगळा गुलाल त्याच्या कपाळाला लावला, कानापर्यंत. आमच्या तालमीत बॅकला गुलाल लागलेला मी पहिल्यांदा बघितला. पोरांनी गलका केला, हलगी कडाडली, मिरवणूक निघाली. दादानं रुमालानं अंगठा पुसला, रुमालाची घडी खिशात ठेवली आणि सगळ्यांच्या मागून चालायला लागला.

मिरवणूक तालमीपाशी आली. आबा पायरीवर उभे होते, काठीला धरून. मी पुढं झालो, त्यांना कपाळ दाखवायला. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं, सदाच्या कपाळाकडं बघितलं आणि मग आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं बघितलं.

“हिंदुराव,” ते म्हणाले, “तुला कुणी लावला न्हाई?”

हलगी थांबली. अकरा पोरं होतो आम्ही, नाचून लालबुंद आणि घामाघूम. एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर फायनलच्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहून सगळं ऐकलं होतं. एकेकाची मान खाली गेली.

“मी कुठं खेळालोय आता आबा,” दादा मागून हसत म्हणाला. “आणि पुरचुंडीबी रिकामी झाली.”

आबा पायरी उतरले. माझ्यासमोर आले. काही न विचारता त्यांनी आपला अंगठा माझ्या कपाळावर टेकवला आणि तिथला गुलाल ओढून घेतला, चांगला दाबून. मग गर्दीतून मागं गेले. दादा त्यांच्यापेक्षा हातभर उंच. त्याला खाली वाकावं लागलं. या वेळी त्यानं मान मागं घेतली नाही.

मी बघत उभा राहिलो. माझा हात सकाळपासून मोकळाच होता, कपाळावर गुलाल होता, दादा दोन पावलांवर होता. एवढं सोपं होतं ते.

संध्याकाळी आईनं शर्ट बादलीत टाकला आणि पाण्याकडं बघून तोंड वाकडं केलं. “इतक्या वर्षांची हौस माझी, आणि गुलाल एवढासाच? कपाळावर तर पुसटसुद्धा न्हाई. गोल तूच मारलास न्हवं रे?”

“मीच मारला,” मी म्हणालो, आणि तिच्याकडं न बघता तोंड धुवायला मोरीत गेलो.